डिप्रेशनसाठी गांजाचं कार्ड काढू का?

प्रश्न: मी न्यू जर्सीत एडिसनला राहते, आयटीत आहे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाचं नववं वर्ष, कंपनीनं ग्रीन कार्डसाठी केलेला आय-१४० अर्ज मंजूर, ग्रीन कार्डच्या रांगेत. दोन वर्षं डिप्रेशनची गोळी चालू आहे, पण झोप नाही आणि वजन वाढत चाललंय. ऑफिसमधल्या मैत्रिणीनं मेडिकल मारिहुआनाचं कार्ड काढलंय, तिला खूप फरक पडला. तिच्याकडे मीही दोनदा गमी, म्हणजे गांजाची चघळायची गोळी, घेऊन पाहिली. मला डिप्रेशनवर कार्ड मिळेल का? डिसेंबरमध्ये सांगलीला जाणार आहे, तेव्हाच मुंबईत व्हिसाचं स्टॅम्पिंग आहे. बाबांच्या गुडघ्यांसाठी चार गमी नेल्या तर चालतील का?

उत्तर: कार्डाचं आधी सांगतो, ते सोपं आहे. न्यू जर्सीच्या यादीत डिप्रेशन नाही. अँग्झायटी आहे, २०१८ पासून. पीटीएसडी (मोठ्या आघातानंतरचा मानसिक त्रास), मायग्रेन, जुनाट दुखणंही आहे. डिप्रेशनच्या जोडीला अँग्झायटी बऱ्याच जणांना असते, आणि राज्याकडे नोंदलेला डॉक्टर त्या निदानावर प्रमाणपत्र देऊ शकतो. तुमच्या मैत्रिणीचं तसंच झालं असावं. नदीपलीकडे न्यूयॉर्कनं २०२२ पासून आजारांची यादीच बंद केली. डॉक्टरला पटलं की पुरे. कॅलिफोर्नियात १९९६ पासून जवळपास हाच प्रकार.

म्हणजे अँग्झायटीचं निदान असेल तर कार्ड मिळेल. तरी काढू नका.

मैत्रीण सिटिझन आहे की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळा फरक तिथेच आहे. कार्ड देतं ट्रेंटन, म्हणजे न्यू जर्सीचं सरकार; व्हिसा देतं वॉशिंग्टन, म्हणजे केंद्र सरकार. वॉशिंग्टनच्या १९७० च्या कायद्यात गांजा हा नियंत्रित पदार्थ आहे. कॅलिफोर्नियातल्या एंजल रेइच या आजारी बाईंनी याच मुद्द्यावर सुप्रीम कोर्ट गाठलं होतं. २००५ साली सहा विरुद्ध तीन असा निकाल लागला: राज्यानं मुभा दिली तरी केंद्राचा कायदा लागू राहतो. गांजा या कायद्याच्या पहिल्या यादीतून तिसरीत न्यायच्या हालचालींच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. तिसरी यादीसुद्धा नियंत्रित पदार्थांचीच असते. इमिग्रेशनचा कायदा विचारतो तो पदार्थ नियंत्रित आहे का. यादीचा नंबर विचारत नाही. आणि कार्ड म्हणजे प्रिस्क्रिप्शन नव्हे. डॉक्टर फक्त ‘या पेशंटला अमुक आजार आहे’ एवढं लिहून देतो.

आता खरी भीती कशाची ते सांगतो. लोकांना वाटतं, पोलिसांनी पकडलं, कोर्टात शिक्षा झाली, तरच अडचण. तसं नाही. ड्रग्जच्या गुन्ह्याची नुसती कबुली दिली तरी, शिक्षा झालेली नसताना, माणूस प्रवेशास अपात्र ठरू शकतो. कबुली कशाला म्हणायचं याचे निकष आहेत: १९५७ च्या एका निर्णयानुसार अधिकाऱ्यानं आधी गुन्ह्याची व्याख्या समजेल अशा भाषेत सांगायला हवी, आणि कबुली स्वेच्छेनं दिलेली हवी. पण चौदा-पंधरा तासांच्या प्रवासानंतर नेवार्क विमानतळाच्या इमिग्रेशन काउंटरवर हे निकष कुणाला आठवतात? तिथे सहज विचारतात, ‘एव्हर ट्राइड मारिहुआना?’ आपला माणूस प्रामाणिकपणे सांगतो, ‘यस, बट आय हॅव अ कार्ड.’ खिशातून कार्ड काढून दाखवतोही, लायसन्स दाखवावं तसं.

शिवाय तुम्हाला फॉर्म भरायचेत. स्टॅम्पिंगसाठीच्या डीएस-१६० या व्हिसा अर्जात दोन प्रश्न असतात: तुम्ही ड्रग अब्यूजर किंवा अ‍ॅडिक्ट आहात वा होतात का, आणि नियंत्रित पदार्थांचा कुठला कायदा कधी मोडलाय का. ग्रीन कार्डच्या आय-४८५ अर्जातही कायदा मोडल्याचा प्रश्न येतो. मेडिकल तपासणीत डॉक्टर व्यसनाचं विचारतो. नियंत्रित पदार्थाच्या व्यसनाचं निदान लिहिलं गेलं, तर सुटल्याचं मानायला बारा महिने जावे लागतात. पुढे सिटिझनशिपच्या वेळी चांगल्या चारित्र्याची अट असते. तिथेही २०१९ च्या एप्रिलमध्ये यूएससीआयएसनं, म्हणजे केंद्राच्या इमिग्रेशन खात्यानं, स्पष्ट केलंय की राज्यात कायदेशीर असला तरी गांजा आड येऊ शकतो.

तसं पाहिलं तर न्यू जर्सीत एप्रिल २०२२ पासून एकवीस वर्षांवरच्या कुणालाही दुकानातून गांजा मिळतो. त्यामुळे कार्डाचा फायदा टॅक्स वाचण्यापुरता आणि थोडा जास्त माल मिळण्यापुरता. तेवढ्यासाठी तुम्ही स्वतःच्या नावाचा पुरावा तयार करणार. पण म्हणून दुकानातून बिनकार्डाचा घ्या, असंही मी म्हणत नाही. ग्रीन कार्ड तर सोडाच, सिटिझनशिपची शपथ होईपर्यंत हात लावू नका.

त्या दोन गमींचं काय? यावर इथे चारचौघांत लिहिणार नाही. फॉर्ममध्ये खोटं लिहू नका. खोट्या माहितीचा ठपका गमीपेक्षा कितीतरी जड जातो आणि आयुष्यभर राहतो. पण आपणहून कुणाला सांगायलाही जाऊ नका. डीएस-१६० भरण्याआधी स्वतःच्या इमिग्रेशन वकिलाशी तासभर बोला. कंपनीचा वकील नको, तो कंपनीचंही हित बघतो. फोनमधले फोटो आणि मैत्रिणीबरोबरचं चॅट तुमच्या वकिलाला दाखवून विचारा. त्याआधी काही डिलीट करू नका.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण पत्रात मला ती जाणवली. नुसत्या डिप्रेशननं ग्रीन कार्ड अडत नाही. गोळ्या चालू असल्यानंही नाही. मानसिक आजार आड येतो तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होईल अशा वागण्याशी जोडलेला असेल तेव्हाच. आपल्याकडे लोक रेकॉर्डला लागेल म्हणून सायकायट्रिस्टकडे जात नाहीत आणि गमी मात्र बिनधास्त घेतात. एकदम उलटा हिशेब. झोप आणि वजनाची तक्रार तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा, गोळी बदलता येते. गमी घेतल्याचंही सांगा, कारण चालू औषधाशी त्याचा संबंध असतो. डिप्रेशनवर गांजाला एफडीएची, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी खात्याची, मान्यता नाही, हेही लक्षात असू द्या.

नोकरीचं म्हणाल तर न्यू जर्सीत केवळ टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून सहसा काढता येत नाही. मात्र केंद्र सरकारच्या कंत्राटामुळे कंपनीवर बंधनं असतील तर हे संरक्षण कमी पडू शकतं. आणि एच-१बीवर नोकरी गेली की हातात जास्तीत जास्त साठ दिवस.

बाबांसाठी गमी? अजिबात नाही. भारतात अमली पदार्थांबद्दलचा १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे. त्यात नुसती पानं, म्हणजे भांग, गांजाच्या व्याख्येबाहेर ठेवली आहेत, म्हणूनच विजया (भांगेचंच आयुर्वेदातलं नाव) घातलेली आयुर्वेदिक औषधं वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतात. बाबांना हवंच असेल तर सांगलीतल्या वैद्यांना विचारू देत. तुमची गमी अर्काची असते, आणि ती बाहेरून आणणं हा आयातीचा गुन्हा. गांजाची एक किलोपर्यंतची मात्रा तिथे ‘अल्प’ धरतात, पण त्या अल्प मात्रेलाही वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. आणि ड्रग्जच्या गुन्ह्यात भारतात झालेली शिक्षा इथेही धरली जाते.

डिसेंबरमध्ये बॅग स्वतः भरा. मैत्रिणीकडे नेलेली पर्स घेणार असाल, तर आतल्या चेनच्या कप्प्यात गमीचं रिकामं पाकीट राहिलं नाही ना, हे आधी बघा.