टाकीतली झाडं गळतायत, पानांवर काळे केस आलेत आणि पहाटे मासे वर येतात. काय करू?

दोन फुटी टाकी, लावून दीड महिना, त्यात क्रिप्टोकोरिन आणि अनुबियास ही पाण्यातली झाडं, लाईट 12 तास, आणि दुकानदाराने दिलेली खताची बाटली, असं तुम्ही लिहिलंय. ती बाटली तूर्तास कपाटात ठेवा.

आधी मासे बघा. पहाटे धापा टाकणारे मासे लाईट लागल्यावर तासा-दोन तासांत सावरत असतील तर प्राणवायू कमी पडतोय. अंधारात झाडंही प्राणवायूच घेतात, त्यात कुजक्या पानांची भर. रात्री एअर पंप लावा. दिवसभर वरच असतील तर मात्र पाण्यातलं अमोनिया आणि नायट्राइट तपासा, घाणीतून साठणारी ही दोन्ही माशांना विषारी. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. क्लोरीनने त्यातले कामाचे जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.

क्रिप्टोकोरिन जागा बदलली की पानं टाकतंच. विरघळलेली पानं कापा, पण मुळं उपटू नका, तिथूनच नवा कोंब येतो. रोज उपटून बघणाऱ्यांचं मात्र कधीच लागत नाही! काचेवरचा तपकिरी थर नव्या टाकीत येतोच, पुसून टाका.

काळे केस हे खरं चिवट प्रकरण. अनुबियास हळू वाढतं, एकेक पान कित्येक महिने लाईटखाली तसंच असतं, म्हणून हे शेवाळ पानांच्या कडा धरतं. झाड बाहेर काढा, केसांवर 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने लावा, दोन-तीन मिनिटांनी साध्या पाण्यात खळबळून परत ठेवा. काही दिवसांत केस गुलाबी-लालसर झाले म्हणजे मेले. अगदी माखलेली पानं सरळ कापलेली बरी. अनुबियासचं आडवं जाड खोड वाळूत गाडलं असेल तर वर काढा, नाहीतर ते कुजतं. लाकडाला दोऱ्याने बांधलं तरी चालतं.

लाईट 6-7 तासांवर आणा, टायमर लावूनच. आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदला, नव्या पाण्यातला क्लोरीन काढून.

एवढं करून तीन-चार आठवड्यांनीही पानं पिवळी पडत असतील तर कुठली ते बघा. जुनी, खालची पिवळी पडली तर बहुधा नायट्रोजन कमी. जुन्याच पानांना टाचणीएवढी भोकं पडली तर पोटॅशियम. नवी पानं फिकट पण शिरा हिरव्या असतील तर लोह. मग त्या बाटलीवर नेमकं काय लिहिलंय ते वाचा. कमी पडलेलं त्यात असेल तरच ओता, तेही सांगितलेल्या मात्रेच्या अर्ध्याने.