दोन नीलम दिसायला सारखे, मग किमतीत एवढा फरक का?

फरक बहुतेक वेळा तापवण्याचा असतो. नीलम म्हणजे कुरुंद या खनिजाचा स्फटिक, माणकाचा सख्खा भाऊ. त्यात लोह आणि टायटॅनियमचा अंश आला की निळा रंग चढतो. कठीणपणा दहापैकी ९ (मोहस् मापावर), हिऱ्याच्या खालोखाल, त्यामुळे रोजच्या अंगठीतही सहसा चरे पडत नाहीत.

बाजारातले बरेचसे नीलम भट्टीत तापवून रंग खुलवलेले असतात. सांगून विकलं तर ती फसवणूक नाही. पण न तापवता मुळातच चांगला रंग असलेला खडा त्याच वजनाला कितीतरी जास्त भाव खातो. आणि काश्मीरचा असेल तर विचारूच नका! १८८१ च्या सुमारास पाडरच्या डोंगरात सापडलेली ती खाण काही वर्षांतच जवळपास रिकामी झाली.

दहापट भिंगातून बघा. आत रेशमासारखे बारीक तंतू असतील तर खडा बहुधा न तापवलेला. गोल बुडबुडे किंवा वक्र रेषा दिसल्या तर काच नाहीतर कारखान्यातला माल.

शनीसाठी घेणार असाल तरी पत्रिका बघणाऱ्याकडूनच खडा घेऊ नका. रत्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागा, त्यात ‘तापवलेला की नाही’ हे लिहिलंय का तेवढं वाचा.