नव्या तंत्रज्ञानात गाजावाजा किती आणि खरी तयारी किती, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न असा, की रोज एखादं 'क्रांतिकारी' तंत्रज्ञान बातम्यांत येतं, तर त्यातलं वापरण्याजोगं काय हे तज्ज्ञ नसलेल्या माणसाने कसं ताडायचं? अशा प्रस्तावांची छाननी करणं हेच माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आकडा दिसला की तो कुठपासून कुठपर्यंत मोजलाय ते आधी बघा. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत अणुसंमीलनातून, म्हणजे हलकी अणुकेंद्रकं एकत्र जोडून, घातली त्यापेक्षा जास्त ऊर्जा मिळाली, ही बातमी जगभर गाजली. बातमी खरीच होती. लेसरने लक्ष्यावर, म्हणजे इंधनाच्या बारीक गोळीसाठी, २.०५ मेगाज्यूल ऊर्जा टाकली आणि ३.१५ मेगाज्यूल बाहेर आली. पण तो लेसर एकदा डागायला सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली. म्हणजे हिशोब लक्ष्यापुरता धरला तर दीडपट मिळालं, आणि विजेच्या जोडणीपासून धरला तर शंभरातला जेमतेम एक भाग परत आला. शास्त्रज्ञांनी हे लपवलं नव्हतं, मथळ्यांतून ते गळलं. विज्ञान म्हणून हा प्रयोग फार मोठा आहे, आणि त्याला कमी लेखणाऱ्यांशी मी भांडतो. मात्र त्यावरून वीजकेंद्र जवळ आलं असं कुणी म्हणालं, तर तो दावा वेगळा आणि त्याचा पुरावाही वेगळा लागतो.

दुसरं, टिकाऊपणा. पेरोव्स्काइट या सिलिकॉनला पर्याय म्हणून पुढे आलेल्या स्फटिकी पदार्थाच्या सौरघटांची कार्यक्षमता २००९ मध्ये ३.८ टक्के होती, आज प्रयोगशाळेत ती २५ टक्क्यांच्या पुढे गेली आहे. इतकी झपाट्याची प्रगती क्वचितच बघायला मिळते. पण असे विक्रम बहुतेक वेळा नखाएवढ्या घटावरचे असतात, आणि ओलावा व उष्णता हे या पदार्थाचं जुनं दुखणं आहे. सौरपॅनेलच्या एका प्रमाणित चाचणीत ते ८५ अंश सेल्सिअस आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास ठेवतात. सिलिकॉनच्या पॅनेलवर पंचवीस वर्षांची हमी सर्रास मिळते. म्हणून मी कार्यक्षमतेच्या आलेखाआधी हमीचा कागद मागतो. हमी देणाऱ्याचे स्वतःचे पैसे अडकलेले असतात.

तयार मोजपट्ट्यांबद्दल थोडक्यात. गार्टनर या सल्लागार कंपनीचा १९९५ पासूनचा 'हाइप सायकल' वक्र बैठकांमध्ये हमखास दाखवतात. लोकांच्या अपेक्षा कशा चढतात-उतरतात ते त्यात छान कळतं, पण अपेक्षाभंगाच्या दरीतून कोण वर येणार आणि कोण तिथेच राहणार, हे कळत नाही. नासाची एक ते नऊ पायऱ्यांची तयारीची मोजपट्टी मला जास्त उपयोगी वाटते, कारण प्रत्येक पायरीवर पुरावा मागितला जातो. तरी नवव्या पायरीवरची वस्तू परवडेल की नाही, सुटे भाग मिळतील की नाही, हे तिथेही विचारलेलं नसतं.

आता उलटी बाजू, कारण घाईने निकालात काढणंही तितकंच महाग पडतं. २००४ मध्ये 'दार्पा' या अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने अमेरिकेतल्या वाळवंटात विनाचालक गाड्यांची शर्यत ठेवली. एकही गाडी शेवटपर्यंत पोचली नाही, सर्वांत पुढची जेमतेम १२ किलोमीटर गेली. पुढच्याच वर्षी पाच गाड्यांनी दोनशेहून अधिक किलोमीटरची शर्यत पूर्ण केली. आता सगळं झालंच, असं तेव्हा अनेकांना वाटलं. पण सामान्य प्रवाशांना चालकाविना टॅक्सी मिळायला २०२० उजाडलं, तीही गूगलच्या भगिनी कंपनीची, वेमोची, अमेरिकेतल्या फिनिक्स शहराच्या परिसरातल्या आखून दिलेल्या भागात. रिकाम्या वाळवंटातून माणसांच्या रस्त्यावर यायला पंधरा वर्षं गेली. तो 'आखून दिलेला भाग' मला परिपक्वतेची खूण वाटतो, कारण आपली वस्तू कुठे चालत नाही हे बनवणाऱ्याला नेमकं ठाऊक होतं.

तेव्हा तुम्हाला कुणी काही विकायला आलं, तर 'हे कुठे बंद पडतं?' असं सरळ विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. शिवाय प्रायोगिक वापर संपल्यावर स्वतःच्या पैशाने दुसऱ्यांदा ऑर्डर दिलेला एखादा ग्राहक गाठा, आणि विक्रेता समोर नसताना त्याच्याशी बोला.