टँक : टाकीतून की तान्कमधून?

इंग्रजी ‘टँक’ हा आपल्या ‘टाकी’वरून घेतला का, आणि रणगाड्याला टँक का म्हणतात, असे दोन प्रश्न आले आहेत.

इंग्रजी कोशांत टँकच्या व्युत्पत्तीत गुजराती-मराठी ‘टांकें’ची नोंद सापडते, त्यामुळे दावा हवेतला नाही. आपल्याकडे टाके म्हणजे कातळात खोदलेला पाण्याचा साठा. शिवनेरीची गंगा-जमुना टाकी आजही पाणी धरून आहेत. दगड घडवायची छिन्नी तीही टाकी, संस्कृत ‘टंक’वरून आलेली. छिन्नीने खोदले ते टाके, ही जोडणी मला पटते. (कान्हेरीच्या शिलालेखांत मात्र अशा टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. किती सुंदर शब्द हातचा गेला!)

पण पोर्तुगीजांचाही ‘तान्क’ आहे, पाणी अडवणे या अर्थाच्या त्यांच्या क्रियापदाशी नाते सांगणारा. 1498 मध्ये वास्को द गामाबरोबर आलेल्यांच्या रोजनिशीत कालिकतच्या देवळातल्या तळ्याला बेधडक तान्क म्हटले आहे. नव्याने कानी पडलेला परका शब्द कोणी असा अर्थ न सांगता वापरत नाही. म्हणून माझे मत असे की तान्क त्यांचाच, आणि इथे त्याला तसाच दिसणारा टाके भेटला. सतराव्या शतकात इंग्रजांनी उचलला तो या दोन्हींच्या संगमातून. सगळे श्रेय आपल्या पदरात टाकून घेणे बरोबर नाही.

भारतातल्या इंग्रजीत टँक म्हणजे तलावसुद्धा. मुंबईचा गोवालिया टँक हा गुरांना पाणी पाजायचा तलाव होता. तो बुजवून झालेल्या मैदानावर 8 ऑगस्ट 1942 रोजी ‘छोडो भारत’ची हाक दिली गेली. बंद पिंपासारख्या टाकीचा अर्थ इंग्लंडात रुळला, पेट्रोलचा टँक त्याच वळणाचा.

रणगाड्याचे नाव ही निव्वळ लपवाछपवी. पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये, ब्रिटिश ही ‘जमिनीवरची जहाजे’ इंग्लंडातल्या लिंकन शहरातील कारखान्यात गुप्तपणे बांधत होते. कामगारांना सांगितले गेले की मेसोपोटेमियासाठी पाण्याच्या टाक्या बनताहेत. 15 सप्टेंबर 1916 रोजी फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत त्या रणात उतरल्या, गुपित फुटले, पण नाव चिकटले ते चिकटलेच. रशियनांनी तेच नाव घेतले. जर्मनांनी चिलखतावरून ‘पांझर’ म्हटले. फ्रेंच ‘शार’चा मूळ अर्थ रथ किंवा गाडा, म्हणजे आपल्या रणगाड्याचा सख्खा भाऊच.