अमेरिकन फुटबॉलमध्ये लहान कॉलेजात राहूनही प्रशिक्षकाला मोठी कारकीर्द घडवता येते का?

नक्कीच येते. जॉन गॅग्लियार्डी यांचंच बघा. कॉलेज फुटबॉलमधला सर्वाधिक विजयांचा विक्रम, तब्बल 489, त्यांच्या नावावर आहे आणि त्यातले बहुतेक विजय मिनेसोटातल्या सेंट जॉन्स या छोट्या कॅथलिक संस्थेसाठी मिळवलेले आहेत.

दुसऱ्या महायुद्धात शाळेचे प्रशिक्षक सैन्यात गेले, तेव्हा सोळा वर्षांच्या जॉननीच संघ हाती घेतला. पुढे मोंटानातलं कॅरोल कॉलेज, मग 1953 ते 2012 सेंट जॉन्स. चार राष्ट्रीय विजेतेपदं.

मला आकड्यांपेक्षा त्यांची पद्धत जास्त मोलाची वाटते. सरावात टॅकल, म्हणजे अंगावर जाऊन समोरच्याला पाडणं, पूर्ण बंद. शिट्टी नाही. कुणी ‘कोच’ म्हणायचं नाही, सरळ ‘जॉन’. खेळाडू धडधाकट राहिले तरच शनिवारच्या सामन्यात कामाला येतील, इतका साधा विचार त्यामागे होता. सेंट जॉन्स ज्यात खेळतं त्या डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे अमेरिकन कॉलेज खेळांच्या तिसऱ्या गटात, खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही, पोरं केवळ आवडीपोटी येतात. अशा पोरांना त्यांनी माणसासारखं वागवलं, याचं मला फार अप्रूप आहे.

1993 पासून डिव्हिजन थ्रीमधल्या उत्कृष्ट खेळाडूला त्यांच्या नावाचा करंडक दिला जातो.