स्वेटरातली ठिणगी आणि हवेतले व्होल्ट

थंडीत मुलाच्या अंगातला स्वेटर काढताना तडतड आवाज होतो. दिवा बंद असेल तर ठिणग्याही दिसतात. ही वीज येते कुठून? माझी बहीण रत्नागिरीला असते, तिला सांगितलं तर ती हसते. तिच्याकडे असं कधी होतच नाही म्हणे. (एक वाचक, नाशिक)

बाहेरून काहीच येत नाही. स्वेटर, बनियन, केस हे सगळं धन आणि ऋण प्रभारांनी खच्चून भरलेलं असतं. दोन्हींचा हिशेब तंतोतंत जुळलेला असतो, म्हणून एरवी कळत नाही. दोन वेगळे पदार्थ एकमेकांना घासून सुटले, की थोडे इलेक्ट्रॉन एकाकडचे दुसऱ्याकडे राहून जातात. इकडे जेवढे वाढले, तेवढेच तिकडे कमी झाले. नवा प्रभार तयार होत नाही, फक्त वाटणी बिघडते. स्वेटर वर ओढला की ही बिघडलेली वाटणी एकमेकांपासून लांब जाते आणि मधल्या हवेवर ताण येतो. हा ताण मिलिमीटरला साधारण ३००० व्होल्टच्या वर गेला, की हवेचा बांध फुटतो. तीच तुमची ठिणगी.

बहीण खोटं बोलत नाही. कोकणातल्या दमट हवेत कापडावर, कातडीवर ओलाव्याचा पातळ थर असतो. प्रभार साठण्याआधीच त्यावरून पाझरून जातो. आणि घाबरू नका. व्होल्ट हजारांत असले तरी प्रभार अगदी नखभर असतो. पेट्रोल पंपावर मात्र ही नखभर ठिणगीही नको. गाडीतून उतरलात की नोझलपाशी जाण्याआधी दाराच्या पत्र्याला हात लावा.

कंगवा केसांत फिरवून कागदाच्या कपट्यांजवळ नेला की ते उडी मारून चिकटतात. पण कागदावर तर प्रभार नसतो! मग तो कंगव्याला ओढला का जातो? (इयत्ता आठवी)

प्रश्न फार चांगला विचारलास. ‘विजातीय प्रभार एकमेकांना ओढतात’ एवढं पाठ करून बहुतेक मुलं पुढे सरकतात.

समज, कंगव्यावर ऋण प्रभार आहे. कपटा जवळ आला की त्याच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन कणभर मागे रेटले जातात. ते कपटा सोडून जात नाहीत, जागच्या जागी सरकतात. त्यामुळे कपट्याची कंगव्याकडची बाजू किंचित धन होते आणि पलीकडची किंचित ऋण. जवळची बाजू ओढली जाते, लांबची ढकलली जाते. पण अंतर वाढलं की बल झपाट्याने घटतं. कूलोमचा नियम सांगतो, अंतर दुप्पट केलं तर बल चौथा हिस्सा. म्हणून ओढ जिंकते.

आता चॉकलेटवरच्या चांदीच्या कागदाचे कपटे घेऊन बघ. ते कंगव्याला टेकतात आणि लगेच ताडकन उडून लांब पडतात. टेकल्याबरोबर कंगव्यावरचा थोडा प्रभार त्यांनी घेतला, दोघं सजातीय झाले आणि भांडण सुरू! साधा कागद प्रभार सावकाश घेतो, म्हणून तो बराच वेळ चिकटून राहतो.

विद्युत क्षेत्राच्या बलरेषा खरंच असतात का, की परीक्षेपुरत्या? (बारावी विज्ञान)

रेषा नसतात, क्षेत्र असतं, म्हणजे प्रभाराभोवतीचा तो टापू जिथे दुसऱ्या प्रभाराला ओढ किंवा ढकल जाणवते. नकाशावरच्या समोच्च रेषा डोंगरावर आखलेल्या सापडत नाहीत, म्हणून डोंगर खोटा ठरत नाही. क्षेत्र खरं मानायचं कारण हे : एक प्रभार हलवला तर लांबच्या प्रभाराला ते लगेच कळत नाही, प्रकाशाच्या वेगाने बातमी पोचेपर्यंत थांबावं लागतं. मधल्या वेळात त्या हलवण्याची ऊर्जा कुठे असते? क्षेत्रात. फॅरेडे या शास्त्रज्ञाला हे चित्र डोळ्यांपुढे दिसलं, गणित त्याचं जेमतेम होतं. ते मॅक्सवेलने पुढे बसवलं.

वाचनात आलं की निरभ्र दिवशीही जमिनीलगत मीटरला सुमारे १०० व्होल्ट एवढं विद्युत क्षेत्र असतं. म्हणजे माझ्या नाकापासून पायापर्यंत दीडशे व्होल्ट! मग मला झटका का बसत नाही? (निवृत्त अभियंता, सोलापूर)

या पत्राने माझा रविवार सार्थकी लावला.

आकडा बरोबर आहे. पृथ्वीवर ऋण प्रभार आहे, एकूण साडेचार लाख कूलोमच्या घरात (कूलोम हे प्रभाराचं माप). पण तुम्ही उघड्यावर उभे राहता तेव्हा ते क्षेत्र पूर्वीसारखं राहत नाही. माणसाचं शरीर बऱ्यापैकी वाहक आहे आणि ते जमिनीला टेकलेलं आहे. शरीरातले प्रभार क्षणार्धात सरकतात आणि आतलं क्षेत्र पुसून टाकतात. नाक आणि पाय एकाच विभवाला, म्हणजे व्होल्टच्या एकाच पातळीला, येतात. ते दीडशे व्होल्ट आता तुमच्या अंगात नसतात, ते डोक्यावरच्या हवेत ढकलले गेलेले असतात.

मग हवेत दोन तारा धरून दिवा लावावा का? लागणार नाही. हवेतून एका चौरस मीटरमधून येणारा प्रवाह अँपिअरच्या काही लाख-कोट्यंश भागाइतकाच असतो. अख्ख्या पृथ्वीवरचा जमेला धरला तर मात्र तो हजार अँपिअरच्या वर जातो, आणि एवढ्या गळतीने पृथ्वीचा प्रभार पाच-दहा मिनिटांत आटोपला असता. तो आटत नाही, कारण जगात कुठे ना कुठे गडगडाटी वादळं सतत चालू असतात आणि ती ऋण प्रभार जमिनीवर परत आणून टाकतात.

डोक्यावर ढकललेल्या त्या व्होल्टांकडे मात्र लक्ष ठेवा. वळवाच्या ढगाखाली हेच क्षेत्र मीटरला हजारो व्होल्ट होतं. मोकळ्या रानात केस उभे राहू लागले किंवा अंगाला मुंग्या आल्या, तर वीज तुमच्याच आसपास वाट शोधते आहे. झाडाखाली न जाता पक्क्या घराकडे पळा.

गाडीत वीज लागत नाही ती रबरी टायरमुळेच ना?

नाही. ढगापासून शेकडो मीटर हवा फोडून आलेल्या विजेला वीतभर रबराचं काय कौतुक! वाचवतो तो पत्रा. प्रवाह बाहेरच्या बाहेर जमिनीत उतरतो, आत फारसं क्षेत्र पोचत नाही. काचा वर घ्या आणि आतल्या धातूला हात लावू नका. मोटारसायकलला रबरी टायर असतात, रिक्षालाही असतात, पण मोटारसायकलला भोवती पत्राच नाही आणि रिक्षाचं छप्पर रेक्झिनचं. म्हणून तिथे तो बचाव नाही.