‘एक जून’वाले एकतीस मेला कसे गेले?

प्रश्न : गावातल्या माजी सैनिकांची यादी मी संगणकावर घेतली आहे. नोंदणीचा प्रोग्रॅम भाच्याने लिनक्सवर करून दिला, छपाई मात्र कार्यालयातल्या विंडोजवर होते. छापून आलं की 1943-44 साली जन्मलेल्यांची जन्मतारीख एक दिवस आधीची दिसते. बाकीच्यांची बरोबर. टाइम झोन दोन्हीकडे भारताचाच आहे. मग चूक कुठे?
— एक वाचक, कोरेगाव (जि. सातारा)

उत्तर : तुमचं टायपिंग चोख आहे, ते आधी सांगते. गोंधळ महायुद्धातला आहे. त्या काळात सरकारने घड्याळं तासभर पुढे केली होती. सप्टेंबर 1942 पासून ऑक्टोबर 1945 च्या मध्यापर्यंत आपण ग्रिनिचच्या साडेपाच नव्हे, साडेसहा तास पुढे होतो. त्याआधी ऑक्टोबर 1941 ते मे 1942 मध्येही तसंच होतं.

लिनक्सकडे जगभरच्या वेळांचा जो इतिहास असतो, त्यात ‘एशिया/कोलकाता’खाली हे सगळं नोंदलेलं आहे. विंडोजच्या स्वतःच्या कोष्टकात भारत म्हणजे कायम साडेपाच तास.

आता एक तारीख घेऊन बघा. 1 जून 1944 एवढंच तुम्ही भरलंत. बहुधा प्रोग्रॅमने त्याला रात्री बाराची वेळ चिकटवली आणि साठवताना ती जागतिक, म्हणजे ग्रिनिचच्या वेळेत नेली. साडेसहा तास वजा, म्हणजे 31 मे, संध्याकाळचे साडेपाच. विंडोजने वाचताना साडेपाचच तास मिळवले : 31 मे, रात्रीचे अकरा. छपाईत वेळ गळते, तारीख तेवढी उरते. 1950 साली जन्मलेल्यांच्या बाबतीत दोन्हीकडे साडेपाचच, म्हणून ती माणसं सुटली.

त्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली ‘एक जून’ घरोघरी आहे, माझ्या वडिलांचीही तीच. त्यामुळे तुमच्याकडे दिवसच नाही, महिनाही बदलतो. ऐंशी पूर्ण झाल्यावरची वाढीव पेन्शन त्या महिन्याच्या एक तारखेपासून लागू होते. असली यादी पुढे कुठे जोडली गेली तर म्हाताऱ्या माणसाला खुलासे देत फिरावं लागेल. म्हणून हे किरकोळ समजू नका.

भाच्याला सांगा, जन्मतारखेचा रकाना नुसत्या तारखेचा कर. त्याला वेळही नको नि टाइम झोनही नको. जन्मतारीख गाव बदललं म्हणून बदलत नाही. जुन्या नोंदींना विंडोजवर सरसकट एक दिवस मिळवू नका, बरोबर असलेल्याही बिघडतील. लिनक्सवरच ‘एशिया/कोलकाता’ धरून त्या वाचायच्या, निव्वळ तारीख नव्या रकान्यात उतरवायची आणि मगच जुना रकाना काढायचा. 1941 ते 1945 मधलं प्रत्येक नाव मात्र डिस्चार्ज बुकाशी स्वतः ताडून घ्या.